कल्लाप्पा मेस्त्रीची साक्ष
"इंजिनखोलीत कानांवर टोप्या घालायचा नियम होता ना?" पडद्यावरच्या परदेशी सरकारी वकिलाचा प्रश्न पुण्याच्या दुभाषी बाईंनी मराठीत सांगितला.

"व्हता की," कल्लाप्पा म्हणाला.

"मग तुम्हांला घंटा ऐकू आली कशी?"

ग्रामपंचायतीच्या हॉलमधली माणसं बाकांवर पुढं सरकली. कृष्णाकाठच्या पाणी उपसायच्या मोटारी दुरुस्त करणारा आपला मेस्त्री परदेशातल्या कोर्टात साक्ष देतोय म्हटल्यावर घरी कोण बसतंय? धारा काढायच्या ठेवून माणसं आली होती.

सहा वर्षांपूर्वी कल्लाप्पा एका जहाजावर इंजिनाच्या कामाला होता. देवमासे मारणाऱ्या जहाजांच्या आडवं जायचं, हाच त्या जहाजाचा उद्योग. पगार बेताचा, पण तिथं अंडंसुद्धा शिजत नसे. सांगलीकडच्या जैनाला आणखी काय हवं! कॅप्टन होती हॅना नावाची बाई. हा तिला कॅप्टनबाई म्हणे आणि ती याची शेंगदाण्याची चटणी मागून मागून खाई. एका सकाळी त्यांचं जहाज शिकारी जहाजावर आदळलं, तिकडच्या खलाशाचा पाय मोडला. आता बाईला तिसऱ्याच देशाच्या बंदरात पकडलं होतं. शिकाऱ्यांचा देश म्हणत होता, हिनं मुद्दाम धडक दिली, आमच्या ताब्यात द्या. बाई म्हणत होती, मी आधीच इंजिन बंद करायची घंटा दिली होती. ती ऐकणारा माणूस जगात एकच, कल्लाप्पा.

"मी टोप्या घालतच नव्हतो," तो म्हणाला. "मशिन काय म्हणतंय ते ऐकाय नको? कान झाकून मेस्त्रीनं काय भजन करायचं?"

हॉल हसला. वकील हसला नाही. "पुरावा?"

पुरावा शर्टाच्या खिशात होता, सांगलीच्या कानाच्या डॉक्टरचा कागद. बायको आक्काताईशिवाय तो कुणाला ठाऊक नव्हता. सकाळीच ती म्हणाली होती, "आवं, ती बाई सुटंल, पण आपलं काय? बहिऱ्या मेस्त्रीला मोटार कोण देतंय?" आणि एवढं बोलून कागद खिशात घातला तो तिनंच. आक्काताईचं हे असंच.

कल्लाप्पानं बाकांकडं पाहिलं. सगळी त्याचीच गिऱ्हाइकं. पुढच्या बाकावर नाथाजी, ज्याच्या मोटारीचा बिघाड कल्लाप्पा पूर्वी बांधावरून नुसता ऐकून ओळखी. आठवत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण परक्या मुलखात कोंडलेली कॅप्टनबाई डोळ्यांपुढं आली आणि त्याचा जीव कळवळला. त्यानं कागद काढून कॅमेऱ्यापुढं धरला.

"माझा डावा कान पुरा गेलाय. उजवा बी निम्मा. उघड्या कानानं इंजिनापाशी बसून बसून. टोप्या घातल्या असत्या तर आज धड ऐकाय आलं असतं. घातल्या न्हाईत, म्हणून तर घंटा ऐकली. आदी घंटा. मग मी इंजिन बंद केलं. मग धडक."

दुभाषी बाईंनी भाषांतर केलं. वकिलानं समोरची फाईल मिटली. मागच्या बाकावरून मात्र आवाज आला, "आयला, मेस्त्री बहिरा हाय व्हय!"

बारा दिवस एकही मोटार आली नाही. तेराव्या दिवशी दुपारी फोन आला. बाईला ताब्यात द्यायला कोर्टानं नकार दिला होता. कॅप्टनबाई स्वतःच बोलत होती, हसत होती, रडत होती. कल्लाप्पाला निम्मं कळलं, निम्मं नाही. तो आपला "येस बाई, येस बाई" करत राहिला आणि डोळे पुसत राहिला. आक्काताईनं शेवयाची खीर केली. त्यानं दोन वाट्या खाल्ल्या. धंदा बसला होता, तरी इतकं गोड त्याला कित्येक दिवसांत लागलं नव्हतं.

तिन्हीसांजेच्या आत नाथाजी आला, मोटार घेऊन. कल्लाप्पा डावं अंग दाराकडं करून लोखंडी पाने पुसत होता. नाथाजीनं दोनदा हाक मारली. कल्लाप्पा पुसतच राहिला. मग तो वळसा घालून उजवीकडं आला, वाकला आणि मोठ्यानं म्हणाला, "मेस्त्री, लय घरघर करतीया. बगा की जरा."

"चालू कर," कल्लाप्पा म्हणाला.

मोटार सुरू झाली. कल्लाप्पानं डोळे मिटले आणि तिच्या पाठीवर तळवा टेकवला. नाथाजी त्या तळव्याकडं बघत राहिला.

"बेरिंग गेलंय," कल्लाप्पा म्हणाला. "मागचं."