चावलेली शेंग

भोसरीतल्या त्या फ्रिजच्या दारावर लाल ऑइलपेंटनं एकच ओळ लिहिली होती: 'ताटात वाढलेलं इथं आणू नये.' ओळ चतुराबाईंनी हट्टानं लिहवून घेतली होती. वर्गणी काढून फ्रिज आणणाऱ्या समाधानला दारावर सुविचार हवा होता. "सुविचार शाळेच्या फळ्यावर लिही," त्या म्हणाल्या होत्या. "इथं नियम लिही."

चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये त्यांनी बावीस वर्षं ताटं खरवडली होती. त्याच्याही आधी, गावाकडं, त्यांची आई लग्नाच्या पंगती उठेपर्यंत मांडवाबाहेर उष्ट्यासाठी टोपली घेऊन बसायची. आईनं ती टोपली चुलीत घातली त्या दिवशी चतुराबाई सात वर्षांच्या होत्या. टोपली तडतडत कशी जळाली, ते त्या अजून विसरल्या नव्हत्या.

फ्रिज जयसिंगशेठच्या मंगल कार्यालयाच्या भिंतीला लागून उभा होता. वीज कार्यालयाची, वरचा शेठचा फ्लेक्स फ्रिजहून मोठा, आणि लग्नसराईत चार वाजता उरलेल्या जेवणाची पातेलीही तिथूनच यायची. चतुराबाई प्रत्येक पातेल्यातला एक चमचा आधी स्वतः खायच्या, मगच डबे भरायच्या. साडेपाचला वर्कशॉपं सुटली की भाड्याच्या खोल्यांतली माणसं येऊन उभी राहायची. कुणी विचारलं, "मावशी, चांगलं आहे ना?" तर त्या म्हणायच्या, "मी खाल्लंय." तेवढ्यावर माणसं डबा उचलायची.

बुधवारी पिंकीनं तिथंच कठड्यावर बसून डबा उघडला. ती लातूरकडची, एका वर्कशॉपात ड्रिल मशिनवर कामाला. दोन घास खाल्ले आणि ती थांबली.

"मावशी, ही शेंग बघा."

आमटीतली शेवग्याची शेंग होती. एक टोक गोल, दुसरं चपटं. चपट्या टोकाचा गर गेलेला, दोरे बाहेर आलेले.

"शिजून फुटली असेल," समाधान म्हणाला.

"शिजून फुटली की उभी फुटते. ही चावून टाकलेली आहे," चतुराबाई म्हणाल्या.

त्यांनी भाताचं पातेलं ढवळलं. मसालेभातातून पिळलेली लिंबाची फोड वर आली. तळाशी जिलबीचा तुकडा.

"आता हे सांग. जिलबी भाताच्या पातेल्यात कशी आली? ती ताटातच भाताला भेटते."

पिंकीनं डबा खाली ठेवला. "तुम्ही तर म्हणालात, खाल्लंय."

"खाल्लंय," चतुराबाई म्हणाल्या. पहिला चमचा त्यांचाच होता. उष्ट्याला वेगळी चव नसते, हाच त्याचा कावा.

"मावशी, आजचं टाकून देऊ," समाधान त्यांना बाजूला घेऊन म्हणाला. "शेठना मी हळूच सांगतो. लाइट त्यांची आहे. त्यांनी बटण बंद केलं तर उद्या ही माणसं काय खातील?"

"हळूच का? आपण चोरी केलीय?"

त्यांनी शेंगेचा डबा उचलला आणि त्या कार्यालयात शिरल्या. जयसिंगशेठ खुर्चीवर चहा पीत बसले होते. शेजारी आचारी भिवा कांदे निवडत होता.

"या चतुराबाई. चहा घ्या."

"चहा नको. तुम्ही दोन घास खा." त्यांनी डबा पुढं धरला.

शेठनी डोकावून पाहिलं आणि हसले. "आमाला शुगर हाय."

"आमटीत साखर नाही. शेंग आहे. कुणीतरी चावलेली."

हसू गेलं. "अवो, निम्म्या ताटांना तर लोकांचा हात बी लागत न्हाई. एवढं चांगलं अन्न उकिरड्यावर घालू का? मन धजत न्हाई."

"मग खा की. धजवा मन."

शेठ खाईनात. भिवाची मान खाली गेली. चतुराबाई त्याच्याकडं वळल्या. "भिवा, तू आचारी आहेस. तुझ्या हातच्या अन्नाची शपथ आहे. कधीपासून?"

भिवानं हातातला कांदा सोलून बाजूला ठेवला. "डुकरंवाला यायचा बंद झाला ना, मावशी. दिवाळीपासून. कचऱ्याची गाडी एवढं ओलं उचलत नाही."

म्हणजे तीन महिने. डुकरांचं माणसांकडं वळवलं होतं, आणि मध्ये चमचा घेऊन त्या उभ्या होत्या.

"कुनी आजारी पडलं का?" शेठचा आवाज चढला. "न्हाई ना? फुकटचं खायचं आन् वर नखरं! उद्यापासून लाइट बंद."

"उद्यापासून कशाला?" चतुराबाई म्हणाल्या.

बाहेर सातआठ माणसं उभी होती. त्यांच्यासमोर उभं राहून चतुराबाईंनी सगळं सांगितलं. डुकरंवाल्यासकट. दिवाळीपासून म्हणाल्या तेव्हा एकजण गटाराकडं जाऊन थुंकला. पिंकी रडायला लागली. ती भीतीनं नव्हे, संतापानं रडत होती, आणि त्यातला थोडा संताप चतुराबाईंवरही होता. त्यांनी तो घेतला.

रांगेत पुढं भिमाजी होता, साठीचा, एका गेटवरचा वॉचमन. "मला चालतंय," तो म्हणाला. "द्या इकडं. भूक काय तुमची पाटी वाचून लागते?"

"तुम्हाला चालत असेल, भाऊ. मला वाढायला चालत नाही."

"तुम्ही जेवून आला असाल!"

चतुराबाईंनी दोन्ही पातेली उचलली आणि कार्यालयाच्या दारात, रांगोळीच्या शेजारी, नेऊन ठेवली. मग फ्रिजचा प्लग उपसला. वायर गुंडाळली. आतली केळी आणि पावाची पाकिटं माणसांत वाटली. रिकामा झालेला फ्रिज त्यांनी खांद्यानं रेटून पाहिला. तो जागचा हलला नाही.

"कुठं नेताय?" समाधान म्हणाला.

"माझ्या दारात. दोन गल्ल्या आहेत. माझं मीटर आहे. पाटीही माझीच आहे."

समाधान एका बाजूला लागला, पिंकी डोळे पुसून दुसऱ्या. फ्रिज खडखडत वीसेक पावलं गेला आणि गटाराच्या झाकणावर अडला. मागून कुणीतरी शिवी देऊन कोपरा उचलला. भिमाजी होता.

"मी रागातच आहे," तो म्हणाला. "रात्री जेवायला काय आहे ते सांगा."

"भात टाकते गेल्या गेल्या. तासभर थांबावं लागेल."

"आणि आमटी?"

"आहे," चतुराबाई म्हणाल्या. "ताजी. पहिल्या उकळीची."