दोन मुलखांचं चून

पुष्पाबाई राजापूरहून खामगावला आल्या, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. नवरा ओव्हरसियर, बदली होईल तिकडे संसार. पहिला महिना त्यांनी जवळजवळ मुक्यानेच काढला. भाजीवाली "काऊन व बाई, घेत नाही का?" म्हणाली, की ती भांडतेय की लाडानं बोलतेय हेच त्यांना उमगत नसे.

मग त्यांना मंडळ सापडलं. पोस्टमास्तरांच्या अन्नपूर्णाबाई धारवाडच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनातल्या मॅनेजरांच्या केसरबाई भावनगरच्या. बुधवारी दुपारी तिघी पोस्टमास्तरांच्या ओसरीवर जमत. घामोळ्यांना काय लावायचं, उन्हाळ्यात दूध कसं टिकवायचं, कुठल्या घाण्यावरचं तेल चांगलं, एकीला कळलं की ते तिघींचं होई. नियम एकच होता, मंडळ फक्त परमुलखातल्या बायकांचं.

एका बुधवारी पुष्पाबाई म्हणाल्या, "बाकी सगळ्याची सवय झाली हो. पण चून खाऊन किती दिवस झाले!"

"चून?" फाटकातून आवाज आला. "थे तं मी करून आनतो!"

मुलींच्या शाळेत नव्यानं लागलेल्या बेबीताई आत आल्या. मंडळात घ्या म्हणून विचारायलाच त्या निघाल्या होत्या.

"पण तुम्ही इथल्याच ना?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"माहं गाव जानेफय. इथं मले तरी कोन वयखते?"

अन्नपूर्णाबाई नुसत्या हसल्या. हो नाही की नाही नाही.

पुढच्या बुधवारी बेबीताई डबा घेऊन आल्या. तो समोर ठेवला, पण झाकण काढलं नाही.

"आदी एक सांगून देतो. आम्ही बौद्ध. घरमालकाले कालच समजलं, अन् खोली खाली कर म्हनला. आता हे खाचं का नाही, थे तुम्ही ठरवा."

अन्नपूर्णाबाई पदराचा काठ चाळवत राहिल्या. बेबीताईंनी डबा उचलायला हात पुढे केला, तोच पुष्पाबाईंनी तो आपल्याकडे ओढला.

"माझं चून घेऊन कुठं चाललात?"

त्यांनी झाकण काढलं, डब्यात न बघताच वर ठेवलेल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि ओल्या नारळाच्या, गुळाच्या आठवणीनं भलामोठा घास तोंडात टाकला. क्षणभरात चेहरा लालेलाल झाला, डोळे वाहू लागले.

"हे... हे तर पिठलं! तेही मिरचीचं!"

"हाव, मंग? चून म्हनजे बेसनाचंच ना?"

"आमच्याकडे चून म्हणजे खोबरं आणि गूळ!"

"अय्या माय! गोड?" बेबीताई तोंडावर हात ठेवून हसू लागल्या. केसरबाईंना हसताना ठसका लागला. पुष्पाबाई पाणी पीत, रडत, हसत पुन्हा भाकरी मोडत होत्या. त्यांच्याकडे बघून अन्नपूर्णाबाईंनाही राहवलं नाही. त्या सरकल्या आणि त्यांनी डब्यातून आपल्या हातानं वाढून घेतलं.

"झणझणीत आहे," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "पण आमच्या मिरचीपुढे काहीच नाही. पुढच्या बुधवारी दाखवते. यायचं बरं का तुम्ही!"

"येईन हो, पन राहू कुठं?"

"जिनाच्या आवारात आमची एक खोली रिकामी आहे," केसरबाई म्हणाल्या.

"साहेबांले पुसा लागन ना?"

"पुसायचं कशाला? मी त्यांना सांगणार."

रविवारी खोली लावायला तिघी हजर होत्या. अन्नपूर्णाबाईंनी झाडू घेतला, केसरबाईंनी खिडकीला पडदा शिवून आणला. पुष्पाबाईंनी बाजार पालथा घालून एक नारळ मिळवला होता. त्या उंबऱ्यावर बसून तो खवत होत्या. त्याच वेळी बेबीताईंची आई चांगुणाबाई जानेफळहून बसनं आल्या. पोरगी एकटी कशी राहत असेल या काळजीनं आलेली म्हातारी दारातच थबकली.

"ह्या कोन व?"

"माह्या मैत्रिनी, माय."

पुष्पाबाईंनी खोबऱ्यात गूळ कालवला आणि पहिली चिमूट म्हातारीच्या हातावर ठेवली.

"घ्या आई, आमचं चून."

चांगुणाबाईंनी ते तोंडात टाकलं, चघळलं, आणि लेकीकडे वळून म्हणाल्या, "बेबे, तिखट टाकाचं इसरली का व ही बाई?"

जिनाच्या आवारातले हमाल हातातलं काम सोडून पाहू लागले, इतक्या मोठ्यानं चौघी हसत होत्या.