सात नंबरचं तोंड

ऑर्मरॉडसाहेब निवृत्त व्हायला आठवडा उरला होता. खिडकीजवळचं त्यांचं टेबल आता माझंच, असं मी धरून चालले होते. शब्दकोशाच्या त्या कचेरीत उच्चारांच्या चिठ्ठ्या एकोणीस वर्षं मीच तपासत होते. शब्द कुठे तोडायचा, जोर कुठल्या तुकड्यावर द्यायचा, हे मला विचारल्याशिवाय छापायला जात नसे. मग ही हेस्टर लंड आली, कालची पोरगी, आणि साहेब उठता-बसता तिचे गोडवे गाऊ लागले. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

'वीकएंड' हा शब्द तिच्या वाट्याला आला. आमची रीत अशी, की माणसाला न सांगता त्याचं बोलणं ऐकायचं आणि चिठ्ठीवर नावाऐवजी नंबर टाकायचा. नावांची यादी साहेबांकडे बंद पाकिटात. कुणी लेखी हरकत घेतली तरच ते उघडायचं.

तिच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या. जोर 'एंड'वर हवा. रेडिओवर तसंच बोलतात, मीही तसंच बोलते. पण सात नंबरने पाचही वेळा 'वीक'वर जोर दिला होता, आणि त्याच्या भरवशावर हेस्टरबाईंनी तोही उच्चार छापायला सुचवला होता. बरी सापडली! मी लाल शाईने लिहिलं : 'गिरणीच्या गल्लीतलं अडाणी तोंड. ग्राह्य धरू नये.'

सकाळच्या चहाला साहेबांनी सगळ्यांदेखत ते वाचलं, पाकीट फोडलं आणि चष्मा पुसत बसले.

"मिस थ्वेट," ते हळूच म्हणाले, "सात नंबर तुम्हीच आहात."

वडील गिरणीत होते, हे मी तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं.

हेस्टर लालबुंद झाली. "चहा घेताना तुम्ही वीकएंडला आईकडे जायचं सांगता ना, तेव्हा ऐकलं मी. किती मोकळं बोलता तेव्हा! मला वाटलं, भरवसा ठेवावा तर तुमच्याच तोंडावर."

"मग काय करू?" साहेबांनी विचारलं. "सात नंबर काढून टाकू?"

"राहू द्या," मी म्हणाले.

टेबल हेस्टरला मिळालं. कोशात दोन्ही उच्चार छापले गेले. तिचा मला अजूनही हेवा वाटतो. चहाला मी तिच्या शेजारीच बसते, पण तोंड उघडत नाही.