तिरीप दिसावी म्हणून

मित्रांनो, मेंढवाड्याच्या कुंपणाशी दांडा मोडून पडलेलं मी एक जुनं फावडं आहे. माझं पातं दुकानातलं, पण दांडा माझा धनी लीलंड याच्या मामांनी स्वतः तासला होता. मामांचं नाव मी सांगणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही नवाहो, म्हणजे अमेरिकेतले मूळचे रहिवासी, घेत नाही.

उन्हाळ्यात दूरच्या डोंगरांवर पाऊस कोसळला की लाल खडकातल्या आमच्या अरुंद घळीतून लोंढा जायचा आणि मागे वाळूचे ढीग टाकायचा. ती वाळू उपसून मेंढ्यांना सावलीची वाट मोकळी करून द्यायची, हे माझं पहिलं काम. घळीच्या तोंडाशी मामा नेहमी थांबत, मनातल्या मनात परवानगी मागत आणि मगच आत जात. लहानगा लीलंड तसाच आत घुसला की ओरडत, “अरे, मेंढा आहेस की माणूस? दुसऱ्याच्या घरात असं शिरतात होय?”

पुढे घळीचं नाव जगभर झालं. लोक कॅमेरे घेऊन येऊ लागले आणि मोठा झालेला लीलंड त्यांना आत नेऊ लागला. भर दुपारी वरच्या फटीतून उन्हाची तिरीप आत उतरते, पण हवा स्वच्छ असेल तर ती डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून लीलंड माझ्यावर बारीक वाळू घेऊन वर उडवायचा. धूळ तरंगायची आणि सोन्याचा खांब उभा राहायचा. लोक आनंदाने ओरडायचे. एवढं कौतुक माझं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

“अजून एकदा टाका ना! माझ्या फोटोत या बाईंची टोपीच आली!”

लीलंड हसून पुन्हा टाकायचा. फोटो काढून लोक निघून जायचे, धुळीत तो मागे राहायचा. मग पुढची टोळी यायची.

मामांनी त्याला बजावलं होतं, “पोरा, वाळू पायाखाली आहे तोवर ठीक. नाकातोंडात घेऊ नकोस.”

“मामा, धुळीतच तर वाढलोय मी! आता काय दह्यादुधात लोळू?”

मामांकडे आजाऱ्याला बरं करणारं एक गाणं होतं, त्यांच्या मामांकडून आलेलं. ते सुरू केलं की शेवटापर्यंत अखंड म्हणावं लागतं. मध्येच तुटलं तर भल्याऐवजी वाईट होतं, असं आमचे लोक मानतात. बाकीची भाचरं शहरात पांगली होती. शिकणारा एकटा लीलंड. हिवाळ्यामागून हिवाळे तो मामांपुढे बसला. शब्द पाठ झाले, पण त्याचा खोकला वाढतच गेला.

मामांनी अंथरूण धरलं, तेव्हा लीलंडची बायको अर्लीन काकुळतीने म्हणाली, “मामा, फोनमध्ये तरी भरून घेऊ द्या.”

“डबीत कोंडलेलं गाणं कुणाला बरं करतं, बाई? माणसाच्या छातीत राहिलं पाहिजे ते.”

एका पहाटे मामांना उचलून दाराशी पूर्वेकडे तोंड करून बसवलं. लीलंडने सुरुवात केली. आवाज काय लागला होता! मामांनी डोळे मिटले. अर्ध्याच्याही पुढे गेला आणि त्याला उबळ आली. ती थांबेचना. तो गुडघ्यांवर कोसळला.

मामांनी डोळे उघडले. मग म्हणाले, “राहू दे, बाळा. पाणी पी.”

बर्फ पडायच्या आत मामा गेले. गाणं त्यांच्याबरोबर गेलं. त्या दिवशी लीलंडने मला खडकावर आपटलं. मामांनी तासलेला दांडा मधोमध मोडला, आणि मग लीलंड त्याचेच तुकडे छातीशी धरून रडला.

मित्रांनो, मला कुणी उचलावं, दांडा बसवावा, असं मी मागत नाही. माझ्यासाठी आता फार उशीर झाला आहे. पण एखाद्या भिंतीवरच्या फोटोत ती सोनेरी तिरीप दिसली, तर नुसतं “वा!” म्हणून पुढे जाऊ नका. ती दिसावी म्हणून धूळ कुणी उडवली, आणि ती कुणाच्या छातीत जाऊन बसली, एवढं तरी विचारा.

लीलंड अजून पहाटे घळीच्या तोंडाशी जातो. मामांसारखा थांबतो. आत मात्र जात नाही. गाण्याचे पहिले शब्द ओठांवर येतात, आणि इथे कुंपणाशी मला त्याचा खोकला ऐकू येतो.