सुरणाची भावकी

"देवी उनी व माय, देवी उनी!" असं ओरडत शाळेशेजारची भिकुबाई शाळेच्या व्हरांड्यातून धावत निघाली. मला खुर्चीत बसलेलं बघून ती दारात थबकली. "गिरधर गुरुजी, बठ्ठा गाव तठे शे, अन् तुम्ही आठे काय करी राह्यनात?"

मी निबंध तपासत होतो. आख्ख्या वर्गाचा आवडता पक्षी मोर निघाला होता, त्यामुळे मलाही उठायला निमित्तच हवं होतं. देवी आली म्हणते, बघू तरी, म्हणून निघालो.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. आमचं गाव शिंदखेड्यापासून सायकलवर जाता येईल इतकं जवळ. शाळा नुकती उघडली होती, पावसाचा पत्ता नव्हता आणि जमीन तव्यासारखी तापलेली. मारुतीच्या देवळामागच्या पडीक जागेत ही गर्दी! नारळ फुटत होते, उदबत्त्यांचा धूर डोळ्यांत जात होता. मधोमध एक जटाधारी बुवा बसलेला. नाव सत्यनाथ महाराज, राहणार गिरनार, असं त्याचं तोच सांगत होता. गावात येऊन आठवडाही झाला नव्हता, पण तो जिच्याकडे उतरला होता, त्या रुक्माबाईच्या घरचं तूप त्याच्या अंगी लागलेलं दिसत होतं.

त्याच्या पुढ्यात, कोरड्या ठणठणीत मातीतून एक अजब वस्तू वर आली होती. पान नाही, फांदी नाही. जांभळट रंगाचा मोठा द्रोण, आणि त्यातून डोकावणारा सुरकुतलेला, मेंदूसारखा गोळा. आणि वास! घरात उंदीर मरून चार दिवस सापडला नाही तर जसा येतो, तसा. माश्या घोंघावत होत्या.

"देखो बच्चा!" महाराज गरजले. त्यांची भाषा निम्मी हिंदी आणि निम्मी कुठलीच नाही अशी होती. "पानी नहीं, पत्ता नहीं, और माता प्रगट! ये सत्यमाता का मस्तक है. हाथ लगाओ, ताप है, ताप! गाव के पाप की दुर्गंधी माता ने अपने अंगावर ली है!"

एकदोघांनी भीतभीत हात लावला. खरंच ते कोमट लागत होतं. झालं! बायकांनी लोटांगणं घातली. मी नाकाला रुमाल लावला, तर शेजारच्या नानांनी माझ्याकडे असं बघितलं, की गावाच्या पापातला मोठा वाटा माझाच असावा.

तेवढ्यात आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या बाई आल्या. करुणा अडकमोल, मूळच्या असोद्याच्या. सुट्टीत लोक लग्नं गाठतात, या बाई सातपुड्याच्या पायथ्याला रानफुलं शोधत हिंडतात. त्या थेट पुढे जाऊन उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "महाराज, हा द्रोण जरा बाजूला करून आत बघू?"

"दूर! माता कोपेल!"

मागून कुणीतरी पुटपुटलं, "आता ही चढनार का माताना चौथरावर?" मी वळून विचारलं, "कोण बोललं रे?" तर सगळे एकदम भाविक झाले. बाईंची जात काढणारे असले शूर गर्दीतच बोलतात.

बाई उठून माझ्याजवळ आल्या. डोळ्यांत हसू मावत नव्हतं. "गुरुजी, ही माता नाही. ही सुरणाची भावकी आहे."

"म्हणजे?"

"माणसांत कसं, नाक बघून म्हणतो ना, हा पाटलांच्या घरचा? झाडांचंही तसंच. एक दांडका आणि त्याला गुंडाळलेलं एकच मोठं आवरण, हे या कुळाचं नाक. अळू त्यातलंच, सुरण त्यातलंच. हा जंगली सुरण."

"अहो, उभा जन्म सुरण खाल्ला, असं फूल कधी पाहिलं नाही!"

"कसं पाहाल? शेतातला सुरण फुलायच्या आधीच आपण खणून खातो. आणि हा फुलतो तेव्हा पान नसतं, पान येतं तेव्हा फूल नसतं. दोघांची भेटच नाही, मग लोकांनी नातं जुळवायचं कसं?"

मी म्हटलं, मग सांगा की सगळ्यांना. त्या म्हणाल्या, नुसत्या फुलासाठी कशाला भांडायचं? सुकेल आपोआप. पण प्रकरण नुसत्या फुलाचं राहिलं नाही.

रुक्माबाईच्या घरातली सोन्याच्या पुतळ्यांची माळ नाहीशी झाली होती. संशय धाकट्या सुनेवर, लतावर. का? तर ती नवी, आणि दोंडाईच्याचं माहेर गरीब. नवरा पंडित आईपुढे तोंड उघडत नव्हता. महाराज त्याच घरी जेवत होते, त्यामुळे कुणाच्या मनात काय आहे हे त्यांना ताटावरच कळत होतं. त्यांनी जाहीर केलं, "सत्यमाता न्याय करेगी! माता का कंद जो खाए, सच्चे को अमृत, झूठे के गले में आग!"

लता खोटी ठरली तर संध्याकाळच्या एस.टी.ने तिला माहेरी पाठवायचं, कायमचं, असं रुक्माबाईनं चारचौघांत सांगून टाकलं. रुक्माबाईचं घर देवळाला लागूनच; लताची पिशवी भरून आधीच ओट्यावर आणून ठेवली होती. निकाल लागायच्या आधी! माझं डोकंच फिरलं.

घरातल्या बायका मातेपुढे ओळीनं बसल्या. महाराजांनी थाळी काढली. गुळात घोळवलेले, हळद लावलेले कंदाचे तुकडे, आणि मधोमध शोभेला आडवी ठेवलेली विड्याची पानं. अडकमोल बाई ओळीच्या टोकाला जाऊन बसल्या. "मलाही द्या. माझंही सत्य तपासा."

महाराज जरा चपापले, पण एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार? दिला. बाईंनी तुकडा सावकाश चघळला. रुक्माबाईनं खाल्ला, मोठ्या सुनेनं खाल्ला. कुणाला काही नाही. मग लताची पाळी आली. महाराजांचा हात विड्याच्या पानांपलीकडे गेला.

लतानं तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि तिचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. घसा धरून ती खोकायला लागली. जीभ सुजली, डोळ्यांतून धारा.

"चोट्टी सापडनी!" गर्दीत आरोळी उठली. पंडित खाली मान घालून ओट्यावरची पिशवी उचलायला निघाला. अरे, बायको घुसमटतेय आणि हा पिशवी उचलतो!

अडकमोल बाई ताडकन उठल्या. लताचे खांदे धरून त्यांनी बायकांकडे बघितलं. "एक सांगा. अळूची पानं खाजरी निघाली तर भाजीत काय टाकता?"

"चिच टाकतस!" साऱ्याजणी एका सुरात. यात काय विचारायचं, असा चेहरा.

"आणि नाही टाकली तर?"

"चिच नही टाकी तं घसा खाजस," भिकुबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचं तोंड उघडं राहिलं. मग ती घराकडे पळाली आणि चिंचेचा गोळाच घेऊन आली. लता तो चोखू लागली.

बाई आता सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलत होत्या. "मला दिलेला तुकडा आंबट होता. गूळ कधी आंबट लागतो का? पानांच्या अलीकडचे तुकडे चिंचेत उकडलेले, पलीकडचे कच्चे. या कुळाच्या कंदात, पानांत सुयांसारखे बारीक खडे असतात. कच्चं खाल्लं की ते घशात रुततात. चोराच्याही रुततात, सावाच्याही. महाराज, पलीकडचा एक तुम्ही खा."

"मेरा उपवास है, बच्चा."

"महाराज," मी ओरडलो, "सकाळी तर तुपात बुडवलेल्या पुरणपोळ्या हाणल्यात! सत्याला उपास दुपारनंतरच लागतो का?"

लोक हसले. पण रुक्माबाई मात्र पेटली. बाई मानी, आणि मातेवर तिची श्रद्धा खरी. "मीच खास तो तुकडा! मी कोनी चोरी कयी नही. मना घसाले काही व्हवाव नही!" आणि तिनं पलीकडचा मोठ्यातला मोठा तुकडा उचलून तोंडात टाकला.

मग, "माय व!"

पुढचं काय सांगू! जिच्या आवाजानं गल्लीतली कुत्री वाट बदलायची, तिच्या तोंडून नुसती हवा निघू लागली. लतानं आपल्या हातातला चिंचेचा गोळा अर्धा मोडून सासूच्या तोंडात घातला.

एवढ्या गडबडीत महाराज देवळाच्या कडेनं सटकत होते. नानांनीच त्यांची जटा धरली, आणि जटा हातात राहिली. झोळीतून कंद गडगडत बाहेर पडले, एकाला गुलाबी कोंबही फुटलेला. बाईंनी खुरप्यानं सत्यमाता उकरली. खाली तसलाच कंद, आणि वर नुकतीच ढिली केलेली माती. फुलायला आलेला कंद पुरून ठेवला की झालं. त्याची शिदोरी त्याच्याजवळच असते, पाणी लागत नाही. मग बाईंनी द्रोण फाडून दाखवला. दांड्याच्या बुडाशी बारकी मादीफुलं, त्यांच्या वर नरफुलं. सडका वास माश्यांना बोलवायला, म्हणजे पराग इकडून तिकडे जातात. आणि अंगातली ऊब तो वास दूर पसरवायला. कोप नाही, पाप नाही. झाडाचा संसार आहे.

महाराजांना पोलीसपाटलाकडे नेलं. माळ? ती काही सापडली नाही. कुणी नेली, मला आजही माहीत नाही.

ऊन उतरलं तेव्हा रुक्माबाईला थोडा आवाज फुटला. तिनं सुनेचा हात धरला. "पोरी, चाल घर."

लता जागची हलली नाही. "येस मी घर. पन आधी सांगा, इतला दिन माले कोनी इचारं का?"

रुक्माबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. मग सगळ्या गावासमोर, त्या बसलेल्या आवाजात तिनं विचारलं, "लता, तू लिधी का व माळ?"

"नही."

"बरं," रुक्माबाई म्हणाली, आणि ओट्यावरची पिशवी तिनं स्वतः उचलून घरात नेली.

तेव्हा बाबांनो, माझं एवढंच मागणं आहे. रोपाविषयी शंका आली तर त्याचं पान, फूल, कंद उलगडून बघा. आणि माणसाविषयी आली तर त्याला तोंडासमोर विचारा, आणि तो काय सांगतो ते ऐका. मध्ये महाराज कशाला हवा?