आंघोळीचा हात

माझ्या लहानग्या कुमुदच्या मांडीवरचं गळू जाफराबादच्या दवाखान्यात कापलं, तेव्हा डॉक्टर रामरावांनी मला आणि सासूबाईंना समोर बसवून समजावलं. भांडं घासलं की पुरतं, फरशीला फिनेल चालतं. जखमेत जाणाऱ्या पट्टीचं तसं नाही. ती उकळायची, चिमटाही उकळायचा, आणि पट्टीला बोट लावायचं नाही.

"म्हणजे सोवळंच की!" सासूबाई म्हणाल्या.

"बिलकुल," डॉक्टर हसले. मलाही हायसं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी मी बाहेरची झाले. एरवी लेकराला शिवायची मुभा असते. जखम आहे म्हणून सासूबाईंनी तीही ठेवली नाही. पडवीच्या कोपऱ्यातून मी नुसती बघत होते. त्यांनी आंघोळ केली, ओलेत्यानं चूल पेटवली, पट्ट्या आणि दवाखान्यानं दिलेला चिमटा उकळला. पाणी निवलं तसा चिमटा बाजूला सारला आणि पातेल्यात बोटं घातली.

"आत्याबाई, हात नका लावू!"

"दवाखान्यात त्या चिमट्याला कोण कोण शिवलं असंल! माझा हात आंघोळीचा आहे."

"पण चिमटा उकळलाय, हात नाही."

"मंग हातबी उकळू का, कॉलेजवाले?"

आणि त्याच बोटांनी पट्टी जखमेत दाबू लागल्या. कुमुद किंचाळली. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"शिवलीस! मला शिवलीस, म्हणजे लेकराला शिवलीस!"

त्यांनी पुन्हा आंघोळ केली, कुमुदवर गोमूत्र शिंपडलं, मधलं दार आतून लावून घेतलं. मी दार बडवत राहिले. आत कुमुद "आई, आई" करत होती.

मग ताप चढला. पाय जांघेपर्यंत सुजला. बैलगाडीतून नेली, तेव्हा ती रडतही नव्हती. डॉक्टरांनी जखम उघडून धुतली.

"विष रक्तात गेलंय," ते म्हणाले. "पट्टी कोण करत होतं?"

"मीच," सासूबाई म्हणाल्या. "सगळं सोवळ्यात केलं."

डॉक्टरांनी मान खाली घातली. कुमुद तिथंच गेली.

एका दुपारी मी तिची झबली घडी करत बसले होते. सासूबाई शेजारी टेकल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"इंदू, तू त्या दिवशी शिवलीस ते मी कुणाला सांगितलं न्हाई. माझ्या लेकालाबी न्हाई, आणि सांगणार न्हाई. आईचं काळीज, राहवलं न्हाई तुला. रडू नको."

मी त्यांचा हात काढला नाही.