तंबूतला दवाखाना: शेवटचा भाग

"आरं, आवाज वाढवा की कुनी!" शेषेराव ओरडला. रिमोट त्याच्याच मांडीवर होता. बायकोनं, उज्वलानं तो उचलून त्याच्या हातात ठेवला तेव्हा अख्खं अंगण खो खो हसलं.

अहमदपुरातली ती सगळी गल्ली आज शेषेरावाच्या टीव्हीपुढे लोटली होती. 'तंबूतला दवाखाना' या लढाईच्या मालिकेचा शेवटचा भाग, आणि त्यात शेजारची सिंधु दिसणार! औशाजवळ शूटिंग झालं तेव्हा खऱ्या दवाखान्यात काम करणाऱ्या बायका हव्या होत्या. सिंधु इथल्या दवाखान्यात आया. गेली आणि काम करून आली. तेव्हापासून गल्लीला दम निघत नव्हता.

पण सिंधुला गल्लीचं काय! तिचे डोळे भिंतीला टेकून बसलेल्या सासूवर, पार्वतीबाईवर. मेलेल्यांना हात लावून येते म्हणून म्हातारी रोज परसात सुनेसाठी पाण्याची बादली भरून ठेवायची. अंघोळीआधी उंबरा ओलांडायचा नाही, पिठाला शिवायचं नाही. सिंधु कधी उलट बोलली नाही. एकदा, फक्त एकदा सासूनं, तिच्या आत्यांनी, आपलं काम डोळ्यांनी बघावं, एवढंच तिच्या मनात होतं.

टीव्हीत बॉम्ब पडले, तंबू हलले, डॉक्टरीणबाई हमसून हमसून रडल्या.

"सिंधुवैनी, कुटं हाव तुमी?" उज्वलाला धीर धरवेना.

"थांब की बाई, येतंय... आलं! त्ये बग!" सिंधुनं बोट दाखवलं.

खाटेवर एक जवान गेलेला. सिंधुचे गोंदलेले दोन हात पुढं आले. त्यांनी त्याचे केस मागं सारले, डोळे मिटले, सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावलं, मग हळूच चादर ओढली. बस्स. पडद्यावर नावं पळायला लागली.

"हात्तिच्या! तोंड कुटंय?" शेषेराव भडकला. "तोंडच कापलं की ओ मेल्यांनी!"

सिंधुला रडूच फुटायला आलं.

"गप रं तू," पार्वतीबाई म्हणाली. "सिंधे, बटन लाव म्हनून त्येंनी सांगितलं व्हतं का?"

"न्हाई आत्या. मी समद्यांचंच लावते. घरचे बघाया येतेत, मानूस नीट दिसाया पायजे."

म्हातारी भिंतीपासून पुढं सरकली.

"लातूरच्या दवाखान्यात मी पोचले तवा तुजे सासरे गेले व्हते, त्येंचंबी बटन लावलेलं व्हतं. जल्मात कदी वरचं बटन लावलं न्हाई त्येंनी. लई दिस मी मनाशी म्हनत व्हते, कुनी लावलं आसंल."

दुसऱ्या दिवशी सिंधु कामावरून आली, ती सवयीनं थेट परसात. बादली पालथी घातलेली.

"आत्या, पानी?"

"नळाला हात धू आन् ये आत," स्वयंपाकघरातून आवाज आला. "पीठ काढून ठेवलंय, भाकरी तूच टाक. माजे हात दुकायलेत."

सिंधुनं हात धुतले, पदराला पुसले आणि उंबरा ओलांडला.